अस्थिव्यंगोपचारातील पदव्युत्तर प्रशिक्षण (भारत)

अस्थिव्यंगोपचारातील पदव्युत्तर प्रशिक्षण म्हणजे एम.बी.बी.एस. पदवी मिळवलेल्या डॉक्टराला हाडे, सांधे, स्नायू, स्नायुबंध आणि मणका यांच्या विकारांवर व दुखापतींवर औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करण्यास पात्र करणारे निवासी स्वरूपाचे शिक्षण होय. भारतात हे प्रशिक्षण मुख्यतः एम.एस. (अस्थिव्यंगोपचार) आणि डी.एन.बी. (अस्थिव्यंगोपचार) या दोन पदव्यांसाठी दिले जाते. दोन्हींचा कालावधी तीन वर्षांचा आहे. या काळात विद्यार्थी 'निवासी डॉक्टर' म्हणून रुग्णालयात पूर्णवेळ काम करतो, विद्यावेतन घेतो आणि त्याच रुग्णालयात शिकतो. सार्वजनिक रुग्णालयांतील अस्थिभंगाच्या रुग्णांचा दैनंदिन भार बराचसा या निवासी डॉक्टरांवरच असल्यामुळे हे प्रशिक्षण शिक्षणाइतकेच आरोग्यसेवेचेही अंग आहे.

नाव

इंग्रजीतील 'ऑर्थोपेडिक्स' या शब्दाचा उगम फ्रेंच वैद्य निकोलस आंद्री याच्या १७४१ सालच्या ग्रंथाच्या शीर्षकात आहे. 'सरळ' आणि 'मूल' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने हा शब्द घडवला. मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळणे व सुधारणे हा त्या ग्रंथाचा विषय होता. वाकडे वाढलेले झाड खुंटाला दोरीने बांधून सरळ करण्याचे त्यातील चित्र आजही जगभरच्या अस्थिव्यंगोपचार संघटनांच्या बोधचिन्हांत दिसते. मराठीत शासकीय रुग्णालयांच्या फलकांवर 'अस्थिव्यंगोपचार विभाग' असे लिहिले जाते, तर बोलीभाषेत 'हाडांचे डॉक्टर' किंवा नुसते 'ऑर्थो' हे शब्द रूढ आहेत. आज या विभागातील बहुसंख्य रुग्ण अपघाताचे असतात. तरीही 'व्यंग' हा शब्द राखून मराठी नावाने आंद्रीचा मूळ अर्थ 'अस्थिरोग' या पर्यायी नावापेक्षा अधिक जपला आहे.

पार्श्वभूमी

सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे 'काण्डभग्न' आणि सांधा निखळण्याचे 'संधिमुक्त' असे दोन वर्ग केलेले असून त्यांचे अनुक्रमे बारा व सहा प्रकार सांगितले आहेत. पायाचे हाड मोडलेल्या रुग्णाला फळीवर जखडून निजवण्याची 'कपाटशयन' ही पद्धतही तेथे येते. मात्र आजच्या प्रशिक्षणाचा धागा या परंपरेशी सलग जोडलेला नाही. तो ब्रिटिशकालीन वैद्यकीय महाविद्यालयांतून आलेला आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात अस्थिभंगाचे रुग्ण सामान्य शल्यचिकित्सकच पाहत असत. स्वतंत्र विशेषज्ञ होण्यासाठी परदेशी जाण्यावाचून मार्ग नव्हता आणि लिव्हरपूल विद्यापीठाची एम.सीएच. (ऑर्थो) ही पदवी भारतीय शल्यचिकित्सकांत विशेष प्रतिष्ठेची होती. ही पदवी घेऊन परतलेल्यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे अनेक महाविद्यालयांत स्वतंत्र विभाग उभे केले. १९५५ मध्ये भारतीय अस्थिव्यंगोपचार संघटना स्थापन झाली. बी. एन. सिन्हा हे तिचे पहिले अध्यक्ष होते. १९६७ पासून संघटनेचे नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले.

या पहिल्या पिढ्यांच्या प्रशिक्षणावर पोलिओची मोठी छाया होती. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनासाठी सुरू केलेल्या कार्यातून हाजी अली येथील बाल अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. लुळ्या पडलेल्या स्नायूचे काम दुसऱ्या सशक्त स्नायूकडे सोपवणारे स्नायुबंध-स्थलांतर, घोट्याखालचे तीन सांधे एकत्र जोडून पाऊल स्थिर करणारी शस्त्रक्रिया, आखडलेला गुडघा सरळ करणे, कॅलिपरचे माप घेणे ही त्या काळच्या निवासी डॉक्टराची रोजची कामे होती. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशाचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. आज पदवी घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी पोलिओची एकही शस्त्रक्रिया केलेली नसते. पण लहानपणी पोलिओ झालेले प्रौढ रुग्ण मोडलेला पाय किंवा झिजलेला सांधा घेऊन अजूनही येतात, आणि त्यांच्या बारीक, कमकुवत हाडावर काय करावे हे आता ज्येष्ठ शिक्षकांनाच विचारावे लागते.

प्रवेश

एम.बी.बी.एस.चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केल्यावर राष्ट्रीय पातळीवरील नीट-पीजी ही संगणकाधारित परीक्षा द्यावी लागते. अलीकडच्या स्वरूपात तीत २०० बहुपर्यायी प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा होतो. ही परीक्षा प्रथम २०१३ च्या प्रवेशांसाठी झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि एप्रिल २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला. २०१७ पासून तिच्याद्वारेच प्रवेश होतात. त्यापूर्वी महाराष्ट्रात राज्याची स्वतंत्र पदव्युत्तर सामाईक परीक्षा होती.

शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि निम्म्या राज्य कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्रातील राज्य कोट्याची प्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे आहे. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, चंडीगडची पदव्युत्तर संस्था, पुदुच्चेरीचे जिपमेर यांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आय.एन.आय.-सी.ई.टी. ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते.

बहुपर्यायी प्रश्नांच्या गुणांवरून शल्यचिकित्सक निवडला जातो, यावर अनेक ज्येष्ठ शिक्षकांचा आक्षेप आहे. हातांचे कौशल्य, ताणाखाली निर्णय घेण्याची क्षमता किंवा या शाखेची ओढ यांपैकी काहीही ही परीक्षा मोजत नाही. मात्र मुलाखतीवर आधारित निवडीत वशिल्याला वाव राहतो आणि महाविद्यालयांच्या प्रवेशांबाबतचा पूर्वानुभव फारसा विश्वासार्ह नाही. त्यामुळे हा आक्षेप मान्य असूनही व्यवस्था बदललेली नाही.

पदव्या

एम.एस. पदवी विद्यापीठ देते. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या, नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून ही पदवी मिळते. अभ्यासक्रमाचे नियमन पूर्वी भारतीय वैद्यक परिषदेकडे होते. सप्टेंबर २०२० पासून ते राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आले आणि सध्या आयोगाचे २०२३ चे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण विनियम लागू आहेत.

डी.एन.बी. ही पदवी राष्ट्रीय परीक्षा मंडळ देते. १९७५ मध्ये सुरू झालेले हे मंडळ १९८२ पासून स्वायत्त आहे. त्याचे प्रशिक्षण खासगी, विश्वस्त संस्थांच्या आणि आता काही जिल्हा रुग्णालयांतही चालते. परीक्षा देशभर एकाच प्रश्नपत्रिकेवर होते आणि ती उत्तीर्ण होणे अवघड मानले जाते. मिरज येथील स्वास्थ्ययोग प्रतिष्ठान हे या मार्गाचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण आहे. त्या संस्थेचे जी. एस. कुलकर्णी हे इलिझारोव पद्धत भारतात रुजवणाऱ्यांपैकी एक असून त्यांनी संपादित केलेला अस्थिव्यंगोपचार व आघातशास्त्रावरील बहुखंडी ग्रंथ देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती असतो.

दोन वर्षांची डी.ऑर्थो. ही पदविका एकेकाळी ग्रामीण व निमशहरी भागातील अस्थितज्ज्ञांची मुख्य पदवी होती. पदविकाधारकाला पुढे दोन वर्षांत एम.एस. किंवा डी.एन.बी. करता येई. गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांनी पदविकेच्या बहुतेक जागांचे पदवीच्या जागांत रूपांतर करून घेतले आहे. मुंबईतील १९१२ साली स्थापन झालेले कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स हेदेखील अशी पदविका देत आले आहे. तिच्या मान्यतेचा प्रश्न मात्र वारंवार वादात राहिला.

प्रशिक्षणाचे स्वरूप

विभागाची विभागणी 'युनिट'मध्ये केलेली असते. प्रत्येक युनिटमध्ये प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक प्रमुख, त्यांच्या हाताखाली सहायक प्राध्यापक, वरिष्ठ निवासी आणि तीन वर्षांचे कनिष्ठ निवासी अशी उतरंड असते. आठवड्यातील दिवस युनिटांना वाटून दिलेले असतात. एक दिवस बाह्यरुग्ण विभागाचा, एक-दोन दिवस शस्त्रक्रियागृहाचे आणि एक दिवस 'इमर्जन्सी'चा. त्या दिवशी अपघात विभागात येणारा प्रत्येक अस्थिभंग त्या युनिटचा होतो आणि तो रुग्ण घरी जाईपर्यंत त्याच युनिटकडे राहतो. शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची जबाबदारी एकाच रुग्णाशी बांधली जाते, हा या जुन्या पद्धतीचा मोठा गुण आहे.

पहिले वर्ष प्लास्टर रूम, अपघात विभाग आणि वॉर्ड यांत जाते. विद्यार्थी मनगटाचा मोडलेला सांगाडा भूल देऊन जागेवर बसवतो, प्लास्टर घालतो, घोट्याजवळ किंवा नडगीच्या वरच्या टोकातून पिन घालून वजन लावतो, थॉमस स्प्लिंट बांधतो, उघड्या जखमा धुतो, रक्त मिळवतो, क्ष-किरण चित्रे गोळा करतो आणि सकाळच्या फेरीत ती सर्वांसमोर वाचून दाखवतो. यातील पुष्कळसे काम कारकुनी किंवा हमालीचे असते आणि त्याबद्दलची तक्रार जुनी आहे. तरीही प्लास्टर घालणे ही गौण गोष्ट नाही. प्लास्टर ओले असताना तळहाताने दिलेला आकार हाड जागेवर धरून ठेवतो. बोटांच्या टोकांनी दाबले तर आत खड्डे पडतात आणि त्यांखालची त्वचा मरते. हा फरक हातानेच शिकावा लागतो.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यावर पडणारी सर्वांत गंभीर जबाबदारी शस्त्रक्रियेची नसून रात्री उठून पाहण्याची असते. झाडावरून किंवा गच्चीवरून पडलेल्या लहान मुलाचे कोपराच्या वरचे हाड मोडते, सूज वाढते आणि पुढच्या हातातील स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब चढत जातो. रक्तपुरवठा खुंटलेला स्नायू सहा तासांच्या आसपास कायमचा मरू लागतो. मूल सतत रडते, औषधाने वेदना थांबत नाही, बोटे हलकेच सरळ केली तरी ते किंचाळते. मनगटाची नाडी अशा वेळी लागत असू शकते आणि तिच्यावर विसंबणाऱ्याची फसगत होते. प्लास्टर आणि त्याखालचा कापूस त्वचेपर्यंत पूर्ण कापणे, कोपर थोडे सरळ करणे आणि तरीही आराम न पडल्यास वरिष्ठांना उठवून शस्त्रक्रियेने कप्पे मोकळे करणे हा उपाय आहे. तो चुकला तर बोटे आत वळून हात आखडतो. या व्यंगाला जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फोन फोल्कमान याचे नाव आहे. 'वरिष्ठांना रात्री उठवायला घाबरू नये' हे वाक्य प्रत्येक विभागात नव्या विद्यार्थ्यांना सांगितले जाते. ज्या युनिटमध्ये उठवल्याबद्दल बोलणी खावी लागतात तेथे ते वाक्य निरुपयोगी ठरते.

भारतीय प्रशिक्षणात या व्यंगाचे आणखी एक कारण दिसते. ग्रामीण भागात, आणि शहरांतही, अनेक रुग्ण प्रथम हाडवैद्याकडे जातात. साध्या, न सरकलेल्या अस्थिभंगात त्याने बांधलेल्या पट्ट्यांनी हाड जुळते आणि त्यामुळेच त्याच्यावरचा विश्वास टिकून आहे. परंतु बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळलेली पट्टी सूज वाढल्यावर सैल केली नाही तर हातपाय आखडतो किंवा सडतो. वाकडे जुळलेले कोपर, मसाज करून घट्ट झालेला सांधा, महिनोन्महिने निखळलेलाच राहिलेला खांदा असे रुग्ण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत अपवादाने भेटतात. भारतातील विद्यार्थ्याला ते नियमाने भेटतात. अशा रुग्णाच्या नातेवाइकांवर न रागावता माहिती कशी काढावी हे अभ्यासक्रमात लिहिलेले नाही, पण ते शिकल्यावाचून बाह्यरुग्ण विभाग चालत नाही.

दुसऱ्या वर्षी विद्यार्थी मोठ्या शस्त्रक्रियांत साहाय्य करतो आणि लहान शस्त्रक्रिया देखरेखीखाली स्वतः करू लागतो. तारा घालून हाड स्थिर करणे, वाटीच्या अस्थिभंगाला ताणतारेने बांधणे, उघड्या अस्थिभंगाला बाहेरून चौकट लावणे, वृद्धांच्या मांडीच्या हाडाचे मोडलेले डोके काढून त्या जागी कृत्रिम गोळा बसवणे यांचा त्यात समावेश होतो. तिसऱ्या वर्षी मांडीच्या व नडगीच्या हाडात सळई घालणे, खुब्याचा अस्थिभंग स्क्रू-प्लेटने स्थिर करणे, सांध्याजवळच्या अस्थिभंगांना प्लेट लावणे अशा शस्त्रक्रिया त्याच्याकडे येतात. प्रत्येक शस्त्रक्रिया नोंदवहीत पाहिली, साहाय्य केले, देखरेखीखाली केली किंवा स्वतंत्रपणे केली अशा श्रेणीने लिहावी लागते. सांधेरोपण, मणक्याची शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीतून केली जाणारी सांध्याची शस्त्रक्रिया यांत मात्र बहुतेक विद्यार्थी तीन वर्षांअखेरही साहाय्यकच राहतात.

काम केवळ अपघातांचे नसते. मणक्याचा क्षयरोग हा भारतीय अस्थिव्यंगोपचाराचा खास विषय आहे. वाराणसी येथील एस. एम. तुली यांनी सर्व रुग्णांवर सरसकट शस्त्रक्रिया न करता औषधे आधी आणि निवडक रुग्णांतच शस्त्रक्रिया अशी 'मध्यममार्गी' पद्धत मांडली. ती जगभर अभ्यासली जाते. जन्मतः वळलेल्या पावलांसाठी पॉन्सेटी पद्धतीचा साप्ताहिक बाह्यरुग्ण विभाग असतो. आयोवा येथील इग्नासियो पॉन्सेटी यांच्या या पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल क्रमाने सरळ केले जाते, बहुधा टाचेची शीर लहानशा छेदाने सोडवली जाते आणि नंतर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत रात्री विशिष्ट बूट घालावे लागतात. मोठी शस्त्रक्रिया जवळपास टळते. बूट घालणे पालकांनी मध्येच सोडले की व्यंग परत येते, त्यामुळे येथील निम्मे काम समजावण्याचे आहे. भारतात घडलेली साधनेही विद्यार्थी हाताळतो. मुंबईचे बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली, बाहेरून लावायची बारीक सळयांची चौकट हाताच्या दुखापतींत आणि दुर्लक्षित वळलेल्या पावलांत वापरली जाते. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक पी. के. सेठी यांच्या 'जयपूर फूट'ची रचना तोंडी परीक्षेत हमखास विचारली जाते.

शस्त्रक्रियेची साधने हाताळण्याचा सराव रुग्णावर होण्याआधी कृत्रिम हाडांवर व्हावा यासाठी कार्यशाळा भरतात. त्यांत १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ए.ओ. या गटाचा मूलभूत अभ्यासक्रम सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याचा पहिला वर्ग १९६० मध्ये दाव्होस येथे झाला होता. मुंबईतील बॉम्बे ऑर्थोपेडिक सोसायटीची 'वायरॉक' ही वार्षिक परिषद पश्चिम भारतातील विद्यार्थ्यांसाठी पहिला शोधनिबंध वाचण्याची जागा असते.

जिल्हा निवासी कार्यक्रम

२०२१ च्या तुकडीपासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक आहे. जिल्हा रुग्णालयाला तज्ज्ञ हात मिळावेत आणि महाविद्यालयाबाहेरचे वास्तव विद्यार्थ्याला कळावे असा त्याचा हेतू आहे. अस्थिव्यंगोपचारात त्याचा उपयोग पुष्कळसा साधनांवर अवलंबून राहतो. जेथे सी-आर्म हे चालते क्ष-किरण यंत्र, भूलतज्ज्ञ आणि सळया-प्लेटांचा साठा आहे तेथे विद्यार्थी खूप शस्त्रक्रिया करतो. जेथे नाही तेथे तो प्लास्टर घालून रुग्णाला पुन्हा आपल्याच महाविद्यालयाकडे पाठवतो.

प्रबंध आणि परीक्षा

प्रत्येक विद्यार्थ्याला मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रबंध लिहावा लागतो. आराखडा संस्थेच्या नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो आणि पूर्ण प्रबंध अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर करावा लागतो. प्रबंधांचे विषय बहुधा एखाद्या अस्थिभंगावर एखाद्या पद्धतीने केलेल्या शस्त्रक्रियांच्या परिणामांविषयीचे असतात. रुग्णसंख्या थोडी आणि पाठपुराव्याचा काळ अपुरा असल्यामुळे त्यांतून नवे ज्ञान क्वचितच निघते. ग्रंथालयांच्या कपाटांत एकाच विषयावरचे प्रबंध ओळीने उभे असतात.

अंतिम परीक्षेत तीन तासांच्या चार लेखी प्रश्नपत्रिका असतात. मूलभूत शास्त्रे, अस्थिविकार, आघात आणि नव्या घडामोडी असे विषयांचे स्थूल वाटप असते. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला एक दीर्घ आणि काही लघु रुग्ण तपासून निदान मांडावे लागते. खुब्याचा जुना आजार, मणक्याच्या क्षयामुळे आलेला पायांचा लुळेपणा, न जुळलेले मांडीचे हाड, जुनाट हाडव्रण, वाकडे जुळलेले कोपर हे नेहमीचे 'परीक्षेचे रुग्ण' होत. तोंडी परीक्षेत टेबलांवर हाडे, क्ष-किरण चित्रे, शस्त्रक्रियेची साधने, कृत्रिम अवयव आणि आधारसाधने मांडलेली असतात. परीक्षकांपैकी निम्मे बाहेरचे असतात. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत स्वतंत्रपणे पन्नास टक्के गुण आवश्यक आहेत.

तोंडी परीक्षेच्या टेबलावर अजूनही क्युंट्शरची पोकळ सळई आणि खिडक्या असलेला मूर प्रोस्थेसिस ठेवलेला असतो. पहिलीची जागा प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात कधीच स्क्रूने जखडणाऱ्या सळयांनी घेतली आहे. जुन्या साधनांमागची यांत्रिक तत्त्वे समजली की नवी साधने समजतात असे समर्थन केले जाते आणि ते चूक नाही. तरी विद्यार्थ्याला कधी न वापरायच्या साधनाचा इतिहास पाठ असतो आणि रोज वापरायच्या साधनावर प्रश्न येत नाही, असेही घडते.

कामाचे तास आणि सुरक्षितता

केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः बारा तासांहून आणि आठवड्याचे काम ४८ तासांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. प्रत्यक्षात इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी सुरू झालेले काम दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रिया संपेपर्यंत चालू राहणे सर्रास घडते. २०२३ च्या विनियमांत 'वाजवी' कामाचे तास, विश्रांतीचा वाजवी वेळ, कामाच्या निकडीच्या अधीन साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० दिवसांची किरकोळ रजा यांची तरतूद आहे. 'वाजवी' म्हणजे किती हे तेथे सांगितलेले नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या मानसिक आरोग्यविषयक कार्यगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात 'मार्ड' ही निवासी डॉक्टरांची संघटना विद्यावेतन, वसतिगृहे, कामाचे तास आणि सुरक्षितता या प्रश्नांवर अनेकदा संपावर गेली आहे.

अपघातग्रस्त रुग्णाचे संतप्त नातेवाईक आणि रात्री एकटा असलेला कनिष्ठ डॉक्टर ही गाठ या शाखेत वारंवार पडते. मार्च २०१७ मध्ये धुळे येथे अस्थिव्यंगोपचार विभागाच्या एका निवासी डॉक्टरवर झालेल्या हल्ल्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले होते. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

किरणोत्सर्गाचा धोका त्यामानाने अदृश्य राहतो. सळई घालताना सी-आर्मच्या पडद्यावर पाहत काम करावे लागते आणि हाड धरून ठेवणारा कनिष्ठ सर्वांत जवळ उभा असतो. शिशाचा अंगरखा, गळ्याचे कवच आणि किरणमापक बिल्ला वापरणे अपेक्षित आहे. अंगरखे अपुरे असतील तर उतरंडीच्या तळाशी असणाऱ्याच्या वाट्याला फाटका अंगरखा येतो.

या शाखेत स्त्रियांचे प्रमाण जगभर कमी आहे आणि भारतही त्याला अपवाद नाही. शारीरिक ताकदीचे कारण पुढे केले जाते. परंतु योग्य भूल, ट्रॅक्शन टेबल आणि यंत्रचलित साधने यांमुळे ते कारण बरेचसे निकालात निघाले आहे. गरोदरपणातील किरणोत्सर्ग, रात्रपाळ्या आणि प्रसूती रजेमुळे लांबणारे प्रशिक्षण या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर उपाय करणे विभागाच्या हाती असते.

पुढील शिक्षण

पदवीनंतर महाराष्ट्रातील शासकीय व महापालिका महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. ती अनेकदा वरिष्ठ निवासी किंवा सहायक प्राध्यापक म्हणून पूर्ण केली जाते. तीन वर्षांत न शिकता आलेल्या उपशाखांसाठी फेलोशिपचा मार्ग आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेसारख्या फेलोशिप दोन वर्षांच्या असतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आणि खासगी रुग्णालयांच्या फेलोशिप त्याहून लहान असतात. सांधेरोपण, सांध्यांची दुर्बीण-शस्त्रक्रिया, मणका, हात, बालअस्थिव्यंग आणि हाडांचे कर्करोग या प्रमुख उपशाखा होत. त्यांपैकी पहिल्या तिन्हींकडे ओढा अधिक आहे, कारण खासगी रुग्णालयांत त्यांना मागणी आहे. बालअस्थिव्यंग आणि हाडांचे कर्करोग यांत शिकणारे थोडे आणि रुग्ण पुष्कळ अशी स्थिती आहे.

इतर देशांतील प्रशिक्षण

ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षे पायाभूत, दोन वर्षे सामान्य शल्यचिकित्सेचे आणि सहा वर्षे अस्थिव्यंगोपचाराचे विशेष प्रशिक्षण असते. अखेरीस एफ.आर.सी.एस. (ट्रॉमा अँड ऑर्थोपेडिक्स) परीक्षा आणि नोंदवहीत किमान १८०० शस्त्रक्रिया आवश्यक असतात. अमेरिकेत निवासी प्रशिक्षण पाच वर्षांचे आहे आणि २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा लागू आहे. भारतात प्रशिक्षण पूर्ण होण्यासाठी अशी एकच देशव्यापी शस्त्रक्रियासंख्या ठरलेली नाही. त्यामुळे एकाच पदवीचे दोन धारक अनुभवाने फार वेगळे असू शकतात. गर्दीच्या शासकीय रुग्णालयातील विद्यार्थ्याने तीन वर्षांत शेकडो अस्थिभंग हाताळलेले असतात, तर रुग्ण कमी असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला तीच पदवी मोजक्या शस्त्रक्रियांवर मिळते. दीर्घकाळ मुंबई, पुणे, नागपूर, मिरज येथून अनेक पदवीधर अधिक प्रशिक्षणासाठी ब्रिटनला जात आले आहेत. तेथे त्यांची भारतीय पदवी असूनही पूर्ण विशेषज्ञ म्हणून थेट नोंदणी होत नाही आणि बहुतेकांना प्रशिक्षणाबाहेरच्या नोकऱ्यांत काही वर्षे काढावी लागतात.